बोटीवरचे तेरावे नाव

पूर्वा ओव्हाळ हिच्याविषयी लिहायचे तर तिच्या चांगुलपणापासून सुरुवात करावी लागते, कारण चूक तिथूनच घडली.

हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत ती अकरा माणसांच्या गटाची प्रमुख होती. २०१२ साली तिचे वय बत्तीस होते. गटातील कोणाच्या आईचे ऑपरेशन निघाले, कोणाला आडनाव ऐकून घरमालकाने खोली नाकारली, की माणूस आधी पूर्वाकडे येई. कंपनीच्या बसच्या चालकाला नावाने हाक मारणारी, त्याच्या घरच्यांची चौकशी करणारी वरिष्ठ म्हणूनही तिची ख्याती होती. ही ख्याती तिला आवडत असे. त्यात गैर काही नव्हते. मात्र आपण माणसांशी चांगले वागतो हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्याला आपले वागणे तपासण्याची गरज हळूहळू वाटेनाशी होते.

तिचे वडील भीमराव तीस वर्षे महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात लिपिक होते, आई शैला बालवाडीत शिक्षिका. मंगळवार पेठेतील दोन खोल्यांतून हे कुटुंब पुढे विश्रांतवाडीच्या सोसायटीत राहायला गेले. आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला होता. त्यानंतरच्या दोन पिढ्यांनी घरात एक गोष्ट कसोशीने पाळली. कोणाच्या मेहेरबानीने काही घ्यायचे नाही. जे घ्यायचे ते हक्काने, सहीशिक्क्यानिशी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एका मुलीने "तू कुठल्या यादीतून आलीस?" असे विचारले होते, तेव्हा पूर्वाने गुणपत्रक काढून तिच्यापुढे ठेवले होते. घेताना हे तत्त्व तिने कधी सोडले नाही. देतानाही तेच तत्त्व लागू होते, हे तिच्या लक्षात आले नव्हते.

त्या वर्षी कंपनीने प्रत्येक गटाला एका सहलीची मुभा दिली. पूर्वाच्या गटाने मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग करायचे ठरवले. त्यासाठी आधी कोथरूडच्या एका तरणतलावावर चार रविवार सराव होता. हिंजवडीहून सगळ्यांना घेऊन येणारी बस बजरंग हुलावळे चालवत असे. बजरंग तिथलाच. त्याच्या वडिलांची ज्वारीची जमीन आणि विहीर नव्वदच्या दशकात आयटी पार्कच्या संपादनात गेली. विहीर बुजवून तिच्यावर गाड्या लावायची जागा झाली. आता तो एका कंत्राटदाराच्या बसवर होता आणि रोज सकाळी त्याच जागेच्या शेजारी माणसे उतरवत होता. याविषयी तो तक्रार करत नसे. कोणी विचारलेच तर म्हणे, "शेत हाय तितंच हाय. फकस्त आता त्याला गेट लागलंय."

पहिल्या रविवारी तो तलावाच्या काठावर बाकावर पेपर वाचत बसला होता. गटातील सौरभ मास्क लावून, नळी तोंडात धरून पाण्याखाली श्वास घ्यायचा प्रयत्न करत होता आणि दर वेळी खोकत वर येत होता.

"साहेब," बजरंग पेपरमागून म्हणाला, "पानी चावत न्हाय. तुमी दचकताय म्हून ते नाकात शिरतंय."

"बाकावरून सगळेच चॅम्पियन असतात," सौरभ खोकत म्हणाला. "या ना मग पाण्यात."

"शाप दिऊ नका. मंग मला भाईर काडायला दोन मानसं लागतील."

पुढच्या रविवारी तो खरोखरच पोहण्याची चड्डी घेऊन आला. प्रशिक्षकाने हरकत घेतली नाही. विहिरीत शिकलेला माणूस तो. मास्क लावून पाण्याखाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही, तेव्हा सगळे घाबरले. वर आल्यावर त्याचा चेहरा पूर्वाने पाहिला. पुढे अनेक वर्षे तिला तो आठवत राहिला. चाळिशीच्या माणसाचा चेहरा इतका मोकळा होऊ शकतो, याची तिला कल्पना नव्हती. घरी त्याची बायको मैना म्हणत होती, "गाडी चालवायला धाडलं तर गडी भिजून येतोय." ही थट्टाही त्याने बसमध्ये सगळ्यांना सांगितली.

मालवणला निघायच्या आठवड्यात सौरभला सर्दी झाली. नाक बंद असताना पाण्याखाली जाणे धोक्याचे. कानाला इजा होते. "मी बोटीवर बसेन, फोटो काढेन," तो म्हणाला. "माझी जागा दे कोणाला तरी."

पूर्वाने बसमध्ये चढताना बजरंगला सांगितले, "बजरंगभाऊ, सौरभच्या जागी तुम्ही उतरायचं पाण्यात."

"म्या? मॅडम, थट्टा करताय व्हय?"

"अजिबात नाही."

तिला फार समाधान वाटले. हे करण्यासाठी एका गोष्टीची गरज होती. यादीत बजरंगचे नाव घालायला हवे होते, आणि तो कंत्राटदाराचा माणूस असल्याने त्यासाठी एचआर विभागाची लेखी परवानगी लागली असती. दोन ओळींचा अर्ज पुरला असता. परवानगी नाकारली जाईल, शिवाय डिसेंबरच्या मूल्यमापनाआधी आपले नाव अशा कारणासाठी पुढे येईल, असे तिला वाटले. तिने अर्ज केला नाही. यादी तशीच राहिली: बारा नावे, आणि खाली, "चालक: किनाऱ्यावर".

बोटीची व्यवस्था हिरा नावाच्या बाईंकडे होती. मासेमारी करणाऱ्या घरातल्या, वयाने पूर्वाहून थोड्या मोठ्या. धक्क्यावर सगळ्यांना ओळीने बसवून त्यांनी बोटीवर कसे वागायचे ते सांगितले. त्यांच्या बोलण्यात नियम आणि रीतभात यांत भेद नव्हता.

"ओल्या अंगाने कोरड्या बाकावर बसायचं नाही. दुसऱ्याच्या मास्कला, नळीला न विचारता हात लावायचा नाही. त्याचा श्वास आहे तो. सिलिंडर उभा ठेवून कोणी बाजूला जायचं नाही, बोट हलली की तो कोणाच्या तरी पायावर पडतो. शिडीवर एक जण असेल तर दुसऱ्याने त्याच्या खाली तरंगायचं नाही. पाण्यात माणूस असताना इंजिन चालू होणार नाही. आणि पाण्यात जोडीने जायचं, जोडीने वर यायचं. आधी चढला त्याने शिडीशी थांबायचं, दुसऱ्याचा हात कठड्याला लागेपर्यंत. कळलं?"

"कळलं," सगळे शाळेतल्यासारखे म्हणाले.

"आता नावं घेते. ज्याचं नाव त्यानेच 'आहे' म्हणायचं."

"सगळे बारा आहेत हो," पूर्वा म्हणाली. "मी मोजलेत."

"तुम्ही मोजलंत ते तुमच्यासाठी, ताई," हिरा म्हणाल्या आणि नावे घेतली.

बारा जण फळीवरून बोटीत चढले. त्यांच्या मागून बजरंग जेवणाचे डबे घेऊन आला. हिरांनी वही उघडली. "हे कोण?"

"आमचेच आहेत. सौरभ पाण्यात उतरणार नाही, त्याच्या जागी हे उतरतील."

"म्हणजे माणसं तेरा. नाव सांगा."

पूर्वाने त्यांना बाजूला घेतले. "लिहू नका, प्लीज. हा कागद कंपनीत जातो, आणि विमा फक्त कर्मचाऱ्यांचा आहे. सौरभच्या नावावरच राहू द्या. पोहायला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं येतं त्यांना. एवढ्या लांब आणलंय, आता काठावर बसवू?"

हिरांनी बजरंगकडे पाहिले. तो डबे मांडीवर धरून, कोरडा बाक कुठला आणि ओला कुठला हे नीट पाहून, कोरड्या बाकावर बसला होता. बाईंचे मन विरघळले असावे.

"मग माझ्या वहीत हा माणूस नाही," त्या म्हणाल्या. "परतताना हा वर आला की नाही, ते मला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने."

"मी सांगते," पूर्वा म्हणाली. "जोडीलाही मीच असेन त्यांच्या."

बोट खडकांच्या जवळ नांगरली. एकेकाला मार्गदर्शकाबरोबर पाण्याखाली नेऊन आणले. बजरंग वर आल्यावर नुसता हात जोडून बसून राहिला. त्यानंतर अर्धा तास मास्क लावून जोडीजोडीने पृष्ठभागावर पोहायची मुभा होती. पूर्वा आणि बजरंग खडकाच्या कडेने गेले. पंधरा मिनिटांत तिचे हात भरून आले. तिने बोटीकडे खूण केली. त्याने खडकाच्या पलीकडे बोट दाखवले: एवढे पाहून येतो. तिने मान हलवली आणि एकटीच परत फिरली.

शिडीशी थांबायला हवे होते. ती चढली, कारण पिशवीत फोन वाजत होता. शनिवार असूनही परदेशातल्या ग्राहकाच्या सिस्टीममध्ये बिघाड झाला होता, आणि सात माणसे कॉलवर तिची वाट पाहत होती. ती ओल्या अंगाने कोरड्या बाकावर बसली आणि बोलू लागली.

तिच्या व्यवसायातली एक सवय इथे सांगितली पाहिजे. कॉल चालू असताना दिवसातून वीस वेळा कोणीतरी टेबलाशी येऊन काहीतरी विचारते. त्याला मान हलवून वाटेला लावायचे असते. ती मान होकाराची नसते, नकाराची नसते. तिचा अर्थ एवढाच की आत्ता मला त्रास देऊ नका. ऑफिसात सगळ्यांना तो अर्थ कळतो.

अर्धा तास संपला होता. हिरा नावे घेत होत्या. "सौरभ?"

"आहे," सौरभ बोटीच्या पुढच्या टोकावरून म्हणाला. तो तिथेच होता, सकाळपासून.

बारा नावे झाली. हिरा पूर्वासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ताई, तुमचा माणूस?"

पूर्वाने त्यांच्याकडे पाहिले, प्रश्न ऐकला आणि मान हलवली.

नांगर वर आला. इंजिन सुरू झाले.

कॉल संपला तेव्हा बोट खडकांपासून बरीच दूर आली होती. पूर्वाने पाण्याची बाटली काढली आणि बजरंगला द्यावी म्हणून वळली. बाकाच्या टोकाला त्याचे कपडे होते: शर्ट, त्याच्यावर घडी घातलेली पँट, बुटात ठेवलेले घड्याळ. त्या क्षणी तिला सगळे कळले.

जे कळले ते तिने सांगितले नाही. तिने माणसे मोजली. पुन्हा मोजली. सौरभजवळ जाऊन हळूच विचारले, "बजरंगभाऊ पुढे आहेत का?"

"नाही गं. मला वाटलं तुझ्याबरोबर आहेत."

ती बोटीच्या मागच्या बाजूला जाऊन आली. तिथे तो नसणार हे तिला ठाऊक होते. हे सगळे शोधण्यासाठी चालले नव्हते. हिरांना काय सांगायचे याचे पहिले वाक्य ती जुळवत होती. "मला वाटतं" ने सुरू करावे की "आपल्याकडून" ने. दोन मिनिटे गेली असतील. बोट त्या दोन मिनिटांत आणखी पुढे गेली.

शेवटी ती म्हणाली, "बजरंग पाण्यात राहिलेत."

हिरा ओरडल्या नाहीत. त्यांनी सुकाणूवरच्या माणसाच्या दंडाला हात लावला, बोट वळली. प्रत्येकाला त्यांनी समुद्राचा एकेक तुकडा वाटून दिला. "तू इथून तिथपर्यंत. तू तिथून पुढे. बोलू नका. फक्त बघा."

बजरंग सापडला. तो पाठीवर तरंगत होता. खडकावर चढायचा प्रयत्न त्याने केला होता, पण शिंपल्यांच्या धारेने दोन्ही गुडघे फाटले म्हणून सोडून दिला होता. इंजिन बंद करून, शिडी टाकून त्याला वर घेतले. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. टॉवेलात गुंडाळल्यावर तो सगळ्यांकडे पाहून हसायचा प्रयत्न करू लागला.

"मॅडम, म्या गाडी काडताना पार मागच्या शिटापतुर नजर टाकतो," तो म्हणाला. "येक मानूस कमी असला तर क्लच सोडत न्हाय."

कोणी हसले नाही.

धक्क्यावर उतरल्यावर हिरांनी वही काढली आणि सगळ्यांसमोर लिहिले: नाव न लिहिता माणूस घेतला, चूक माझी. खाली सही केली आणि वही पूर्वापुढे सरकवली.

"मी पुण्याला गेल्यावर सविस्तर मेल करते," पूर्वा म्हणाली.

"सविस्तर नको, ताई. एक ओळ पुरे."

पूर्वाने वही हातात घेतली, थोडा वेळ धरली, आणि परत दिली.

दुसऱ्या दिवशी बस पुण्याला निघाली. चालवणारा अर्थात बजरंगच होता. गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या, घाटात प्रत्येक वळणाला क्लच दाबताना तो किंचित श्वास रोखत असे. मागे अकरा माणसे झोपली होती. पूर्वा त्याच्या मागच्या सीटवर जागी होती.

"बजरंगभाऊ, हे ऑफिसात..." तिने सुरुवात केली. पुढे काय म्हणायचे होते हे तिला आजही निश्चित सांगता येत नाही.

"न्हाय बोलत म्या कुनाला," तो आरशात पाहून म्हणाला. "तुमी झोपा, मॅडम."

तिने मागण्याआधीच त्याने मौन देऊन टाकले होते, आणि तिने ते घेतले.

बोटीच्या मालकाने कंपनीला पत्र पाठवले: यादीत नसलेला एक इसम बोटीवर होता, त्यामुळे प्रसंग ओढवला. एचआर विभागाने यादी पाहिली. यादीत लिहिले होते, "चालक: किनाऱ्यावर". म्हणजे चालक कामाची जागा सोडून, परवानगीशिवाय बोटीवर चढला. निष्कर्ष कागदांशी पूर्ण सुसंगत होता. बुधवारी सकाळी बसवर दुसराच चालक होता. कंत्राटदाराने बजरंगला काढून टाकले होते, आणि त्या भागातील इतर कंत्राटदारांनाही कारण कळवले होते.

पूर्वाला एक प्रश्नावली आली. चालक बोटीवर असल्याची आपल्याला कल्पना होती काय? तीन दिवस ती तिच्या पडद्यावर उघडी होती. चौथ्या दिवशी तिने लिहिले: "चालक आमच्यासोबत बोटीवर होता. इतर तपशील यादीनुसार." या दोन वाक्यांत असत्य एकही नव्हते. आयुष्यात तिने लिहिलेला सर्वांत अप्रामाणिक मजकूर तोच होता, आणि लिहिताना तिने त्यात एक स्वल्पविराम दोनदा घालून दोनदा काढला होता, हे ती स्वतःच सांगते.

त्या रविवारी ती आईवडिलांकडे गेली. शैलाबाईंनी ताट वाढले, तिने भाकरी कुस्करली आणि खाल्ली नाही. मग सांगितले. सगळे नाही, दोन मिनिटांची गोष्ट तिने वगळली.

भीमराव ऐकत होते. "त्याचं नाव का नाही लिहिलंस?"

"परवानगी मिळाली नसती, बाबा."

"मागितली होतीस?"

"नाही."

"मग कंपनीने नाही म्हटलेलं नाही. तू म्हटलंस."

"मी त्याच्या भल्यासाठीच..."

"भलं केलंस ना. छान. नावाशिवाय केलंस. तुझ्या आजोबांचं पण लोक असंच भलं करायचे. मागच्या दाराने."

"अहो, जेवू द्या तिला आधी," शैलाबाई म्हणाल्या.

"जेवू दे की. मी काय ताट ओढतोय?" भीमरावांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं नोंदी केल्या मी. तो माणूस बुडाला असता तर कुठे गेला म्हणून लिहिलं असतं? किनाऱ्यावर? तुझ्या यादीप्रमाणे तो किनाऱ्यावर बुडाला असता."

पूर्वा उठून हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आल्यावर शैलाबाईंनी विचारले, "त्याच्या घरी जाऊन आलीस?"

"नाही."

आईने पुढे काही विचारले नाही. वडिलांच्या बोलण्यापेक्षा ते न विचारणे तिला जड गेले.

सोमवारी ती एचआर विभागात गेली आणि बसण्याआधी बोलू लागली. बजरंगला मी नेले. नाव लिहू नका असे मी सांगितले. त्याच्या जोडीला मी होते आणि त्याला सोडून मी वर आले. तो परतला का असे विचारले तेव्हा मी मान हलवली. तिने हे लिहूनही दिले, आणि त्याची एक प्रत हिरांना टपालाने पाठवली.

शिक्षा होईल अशी तिची अपेक्षा होती. खरे तर तशी इच्छा होती. घडले ते वेगळे. एक समज देणारे पत्र मिळाले आणि कंत्राटदाराला बजरंगला परत घेण्यास कळवले गेले. त्यानंतर महिन्याच्या सभेत विभागप्रमुखांनी तिचे नाव घेतले. चूक स्वतःहून मान्य करणारे नेतृत्व आपल्याला हवे आहे, असे ते म्हणाले. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. सौरभ सर्वांत जोरात वाजवत होता. पूर्वाला उभे राहावे लागले. पंधरा दिवस एका माणसाची रोजी बंद होती, आणि त्यातून तिची प्रतिष्ठा वाढून बाहेर आली होती. बजरंगचे नाव त्या भाषणात नव्हते. "एक चालक" एवढाच उल्लेख झाला. तिने तो तिथल्या तिथे दुरुस्त केला नाही. टाळ्या चालूच होत्या, असे ती म्हणते. पण हे कारण आहे असे तिचे म्हणणे नाही.

त्याच संध्याकाळी ती हिंजवडी गावठाणात बजरंगच्या घरी गेली. मैनाने दार उघडले. आत या म्हणाली नाही, जा असेही म्हणाली नाही.

"आता आलाव व्हय," ती म्हणाली. "गुडगं भरत आलं त्येंचं."

बजरंग ओट्यावर येऊन बसला. पूर्वाने निरोप सांगितला: सोमवारपासून बस परत तुमच्याकडे. सगळे लिहून दिले आहे. चूक माझी होती असे लिहिले आहे.

"कळलं मला. शेटचा फोन आलता." तो थोडा संकोचून म्हणाला, "लई केलंत, मॅडम."

हे आभार घेऊन ती परत जाऊ शकली असती. कोणालाही काही कळले नसते. ती ओट्याच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "एक गोष्ट लिहिली नाही मी. तुमचे कपडे बघितले तेव्हाच मला कळलं होतं तुम्ही पाण्यात आहात म्हणून. मी लगेच सांगितलं नाही. दोन मिनिटं तरी गप्प होते. कसं सांगू याचा विचार करत होते. माझं काय होईल याचा."

मैना आत जायला निघाली होती, ती थांबली.

बजरंगने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. समोरच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बस एकीमागे एक अडकून उभ्या होत्या, सगळ्यांचे भोंगे चालू.

"म्या तितं हिशेब लावत व्हतो," तो शेवटी म्हणाला. "म्हनलं, बोट लांब गेली, हाक पोचत न्हाय. पर मॅडम हायेत. त्येंच्या ध्येनात आलं की त्या लगीच वरडतील. आत्ता वरडल्या आसतील. आत्ता बोट वळल. त्येवड्यावर पाट टेकून तरंगलो म्या."

तिने क्षमा मागितली नाही. मागितली असती तर तो देऊन टाकणार होता, आणि पुन्हा एकदा तिने ती घेतली असती.

"सोमवारी सात धाला येतो," बजरंग उठत म्हणाला. "टाइमात या. आता वरनं सांगितलंय, गाडी येक मिनिटाच्या वर थांबवायची न्हाय."

त्यानंतरच्या वर्षात गटातील जवळजवळ सर्वांनी गाड्या घेतल्या. पूर्वाचा पगार त्यांच्याहून अधिक होता. तिने गाडी घेतली नाही. पुढची चार वर्षे, कंपनी बदलेपर्यंत, ती रोज सात दहाला त्या बसमध्ये चढत राहिली. बजरंग "नमस्कार, मॅडम" म्हणे, ती "नमस्कार, बजरंगभाऊ" म्हणे. थट्टा तो इतरांशी करी. तिच्याशी कधी केली नाही. घरच्यांची चौकशी तिनेही पुन्हा केली नाही, कारण त्या चौकशीत पूर्वी स्वतःविषयीचे किती समाधान असे ते तिला आता ठाऊक झाले होते. ती मागे कुठेतरी बसे. बस सुटण्याआधी तो आरशातून शेवटच्या सीटपर्यंत नजर टाकी, आणि ती नजर आपल्यावरून पुढे सरकेपर्यंत ती खाली पाहत राही.